दुकानचोरीच्या कायद्यासाठी आपल्या शहराला बोलतं कसं करायचं

१२ जून २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये पीएनजी ज्वेलर्सच्या दुकानात तोंडं झाकलेले वीसेक जण घुसले, हातोड्यांनी काचा फोडल्या आणि दागिने घेऊन पसार झाले. नाव पुण्याचं, लक्ष्मी रोडमुळे ओळखीचं. त्यामुळे बे एरियातल्या मराठी घरांना ही बातमी परकी वाटली नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘इथे ९५० डॉलरपर्यंतची चोरी माफ आहे, मग दुसरं काय होणार?’

हे वाक्य घेऊन सिटी कौन्सिलसमोर जाऊ नका. एक तर चोरी कधीच माफ नव्हती. आणि टोळीनं हातोडे घेऊन धाकानं लुटणं ही रॉबरी आहे. तिथे माल दहा डॉलरचा असो की दहा लाखांचा, गुन्हा फेलनीच, म्हणजे गंभीर वर्गातला. ९५० डॉलरच्या रेषेचा संबंध येतो तो रोजच्या उचलेगिरीशी: तुपाची बरणी, केशराची डबी, बदामाची पाकिटं, वस्तरे, बेबी फॉर्म्युला. कॅलिफोर्नियात किराणा, मिठाई, कपडे, औषधं किंवा गॅस स्टेशन चालवणाऱ्या मराठी माणसाचं नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेनं होतं. हा लेख त्यांच्यासाठी, आणि अशा दुकानांच्या शेजारी राहून काहीतरी करावंसं वाटणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही. राज्याच्या विधिमंडळात दुकानचोरीबद्दल एखादं बिल आलं, तर आपल्या शहराला त्याच्या बाजूनं उभं कसं करायचं, ते टप्प्याटप्प्यानं सांगतो.

पहिलं काम: कायदा आज कुठे आहे ते समजून घ्या

चोरी मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) की फेलनी हे ठरवणारी रक्कम पूर्वी ४०० डॉलर होती, ती २०१० मध्ये ९५० झाली. म्हणजे ही रेषा प्रॉपोझिशन ४७ च्या (मतदारांनी थेट मत देऊन केलेल्या कायद्याच्या) आधीची. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन ४७ मंजूर केलं. दुकान उघडं असताना ९५० डॉलरपर्यंतचा माल चोरायच्या इराद्यानं आत शिरणं म्हणजे ‘शॉपलिफ्टिंग’ अशी वेगळी व्याख्या त्यात आली आणि हा गुन्हा मिसडिमीनर ठरला. त्याला काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) जेलमध्ये सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे, ती आजही आहे. खरा फरक पडला तो वारंवार चोरी करणाऱ्यांच्या बाबतीत. पूर्वीच्या शिक्षा मोजून पुढची छोटी चोरी फेलनी करण्याची सोय प्रॉपोझिशन ४७ नं जवळपास काढून टाकली. दुकानदारांचा राग खरं तर या मुद्द्यावर होता, पण बोलताना तो ‘९५०’ या आकड्यावर निघत राहिला. टेक्सासमध्ये हीच मर्यादा २,५०० डॉलर आहे. हे कौन्सिलमधल्या कुणाला तरी नक्की ठाऊक असतं, आणि तुमचा सगळा युक्तिवाद ९५० वर उभा असेल तर तो तिथेच कोसळतो.

२०१८ मध्ये संघटित दुकानचोरीचा वेगळा गुन्हा कायद्यात आला, पण मुदतीसह. मग आलं २०२४. त्या वर्षी १६ ऑगस्टला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सॅन होजेमध्ये दहा बिलांवर एकत्र सह्या केल्या. त्यातली चार दुकानदाराला माहीत हवीत.

एबी २९४३ नं (एबी म्हणजे असेंब्लीतलं बिल, एसबी म्हणजे सिनेटमधलं) दोन मोठ्या गोष्टी केल्या. विकण्यासाठी जवळ बाळगलेल्या चोरीच्या मालाची किंमत ९५० डॉलरच्या वर गेली तर तो वेगळा गुन्हा झाला. आणि चोरी पोलिसानं स्वतः पाहिलेली नसली तरी साक्षीदाराच्या शपथेवरच्या जबाबावरून किंवा कॅमेऱ्याच्या चित्रणावरून त्याला शॉपलिफ्टिंगसाठी अटक करता येऊ लागली. त्याआधी मिसडिमीनर अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडलेला नसेल तर दुकानदारानंच ‘सिटिझन्स अरेस्ट’च्या कागदावर सही करायची, असा प्रकार चाले. रात्री दहा वाजता दुकान बंद करताना त्या सहीला किती लोक तयार होणार?

एबी ३२०९ हे पालो अल्टो भागातले असेंब्ली सदस्य मार्क बर्मन यांचं. दोषी ठरलेल्या माणसाला त्या दुकानात दोन वर्षांपर्यंत पाऊल टाकायला बंदी घालणारा आदेश कोर्टाला यामुळे देता येतो. एबी १७७९ मुळे वेगवेगळ्या काउंट्यांत केलेल्या चोऱ्या एका खटल्यात जोडता येतात. सकाळी फ्रीमाँट, दुपारी मिलपिटास असा ‘दौरा’ करणाऱ्यांसाठी हे फार कामाचं आहे. आणि फ्रीमाँट-हेवर्ड भागाच्या सिनेटर आयशा वहाब यांच्या एसबी ९८२ नं संघटित दुकानचोरीच्या कलमाची १ जानेवारी २०२६ ला संपणारी मुदत काढून ते कायमचं केलं.

मग नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रॉपोझिशन ३६. साधारण ६८ टक्के मतांनी मंजूर झालं, १८ डिसेंबरपासून लागू आहे. चोरीच्या दोन शिक्षा आधी झाल्या असतील तर तिसरी चोरी, रक्कम कितीही असो, फेलनी म्हणून चालवता येते. गव्हर्नर विरोधात होते. सॅन होजेचे मेयर मॅट महान, सॅन फ्रान्सिस्कोच्या तेव्हाच्या मेयर लंडन ब्रीड आणि सॅन दिएगोचे मेयर टॉड ग्लोरिया बाजूनं होते. तिघेही गव्हर्नरांच्याच पक्षाचे. शहरं राज्याच्या नेतृत्वापेक्षा वेगळी भूमिका घेऊ शकतात आणि घेतात, याचं याहून ठळक उदाहरण मला सुचत नाही.

दुसरं: कुणाच्या हातात काय आहे

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. तिकडे पोलीस राज्य सरकारचे. नगरसेवक पोलीस स्टेशनला फोन करू शकतो, पण पोलिसांचं बजेट महापालिकेच्या हातात नसतं. कॅलिफोर्नियात बहुतेक मोठ्या शहरांचं पोलीस खातं शहराचंच असतं. त्याचा प्रमुख सहसा सिटी मॅनेजरच्या (शहरानं नेमलेल्या प्रशासकाच्या) हाताखाली आणि बजेट कौन्सिलच्या मतानं. सनीवेलमध्ये तर पोलीस आणि अग्निशमन एकच खातं आहे, एकच अधिकारी दोन्ही कामांसाठी तयार केलेला असतो. उलट कुपर्टिनोचं स्वतःचं पोलीस खातं नाही. ते सांता क्लारा काउंटीच्या शेरीफकडून कंत्राटानं सेवा घेतं. तुमच्या दुकानात गणवेशातला जो माणूस येतो, त्याच्या पगाराचं मत कोण देतं, हे आधी पाहून घ्या.

खटला चालवायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी काउंटीचा डिस्ट्रिक्ट अटर्नी ठरवतो, आणि तो निवडून आलेला असतो. फ्रीमाँट अलमीडा काउंटीत, सनीवेल सांता क्लारात. मधे काही मैलांचं अंतर, पण सरकारी वकील वेगळा आणि धोरणही वेगळं असू शकतं. जेल, प्रोबेशन, व्यसनमुक्तीचे उपचार हेही काउंटीकडे.

शिक्षा किती हे मात्र फक्त राज्य ठरवतं. ‘आपल्या शहरात चोरीला दुप्पट दंड’ असा ठराव कोणतीही कौन्सिल करू शकत नाही. म्हणून कौन्सिलकडे दोनच गोष्टी मागायच्या: सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, आमच्या बाजूनं बोला, आणि जे तुमच्या हातात आहे त्यात पोलिसांचा वेळ द्या. पहिली मागणी हा या लेखाचा विषय. दुसरी सोबत ठेवा, नाहीतर पत्र पाठवून मोकळं होणं शहराला फार सोपं जातं.

तिसरं: नोंद

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

‘पोलिसांना सांगून काय होतं’ असं म्हणून छोटे दुकानदार रिपोर्टच करत नाहीत. मग शहराच्या आकडेवारीत ती चोरी नसतेच. कौन्सिलच्या बैठकीत पोलीस प्रमुख पडद्यावर तक्ता दाखवतात, त्यात तुमच्या रस्त्यावर शॉपलिफ्टिंग जवळजवळ नाही असं दिसतं, आणि तुम्ही मायक्रोफोनसमोर उभे राहून ‘रोज चोऱ्या होतात’ म्हणता. विश्वास कुणावर बसणार? शहराच्या सपोर्ट लेटरमध्ये (बिलाला पाठिंबा देणाऱ्या पत्रात) शहराचेच आकडे लागतात. ते आकडे तुमच्या रिपोर्टमधूनच तयार होतात, दुसरीकडून येत नाहीत.

गल्ल्याजवळ एक वही ठेवा किंवा फोनवर एक शीट. ओळ अशी असावी:

१४ मार्च, संध्याकाळी ६:४०. तूप ३ बरण्या, केशर २ डब्या. लेबलवरची किंमत ११२ डॉलर. कॅमेरा २. तोच माणूस आधी आला होता का: हो, फेब्रुवारीच्या शेवटी. कर्मचाऱ्याला धमकी: नाही. पोलीस रिपोर्ट नंबर: …

शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका. बऱ्याच शहरांत छोट्या चोरीचा रिपोर्ट ऑनलाइन करता येतो, गाडी यायची वाट पाहावी लागत नाही. ‘तोच माणूस आधी आला होता का’ हा रकानाही वाटतो त्याहून मोलाचा आहे, कारण प्रॉपोझिशन ३६ आणि एबी २९४३ नंतर पुनरावृत्ती आणि बेरीज या दोन गोष्टींवरच बरंच अवलंबून आहे. चित्रण त्याच दिवशी वेगळं साठवा. बहुतेक कॅमेरे काही आठवड्यांनी जुन्यावर नवीन चित्रण करतात. किंमत अंदाजानं फुगवू नका. एका दुकानदारानं फुगवलेली रक्कम उघडी पडली की सगळ्यांच्या आकड्यांकडे संशयानं पाहिलं जातं.

आणखी एक वही कायद्यानंच लागते. एसबी ५५३ मुळे १ जुलै २०२४ पासून दुकानांना कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेविरुद्ध लेखी योजना आणि हिंसक घटनांची नोंदवही ठेवावी लागते. धमकी, ढकलाढकली, अंगावर धावून येणं त्यात जातं. ही नोंद कौन्सिलमध्ये मालाच्या किमतीपेक्षा जास्त ऐकली जाते, असं माझं निरीक्षण आहे. गल्ल्यावर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला काय ऐकावं लागलं, हे तुपाच्या तीन बरण्यांपेक्षा लवकर पोचतं. चोराच्या मागे धावणं मात्र टाळा. चोरी झाल्याचं मानायला सबळ कारण असेल तर थोडा वेळ थांबवून ठेवायचा अधिकार दुकानदाराला कायद्यानं आहे, पण त्यासाठी जीव धोक्यात घालण्यासारखं काहीच कपाटात नसतं.

शेजारच्या पाच-सहा दुकानांची नोंद एकत्र करा. पटेलभाईंचं लिकर स्टोअर, व्हिएतनामी नेल सलून, मेक्सिकन बेकरी, तुमचं किराणा. एकाच समाजाचे लोक आले तर ती ‘त्यांची’ तक्रार होते. सगळा रस्ता आला तर ती रस्त्याची होते.

चौथं: बिल शोधा आणि स्वतः वाचा

राज्याच्या लेजइन्फो या संकेतस्थळावर प्रत्येक बिल, त्यातला प्रत्येक बदल, कोणत्या समितीत कधी काय झालं, हे सगळं फुकट मिळतं. ८० सदस्यांची असेंब्ली, ४० ची सिनेट. दुकानचोरीची बिलं बहुधा दोन्ही सभागृहांच्या पब्लिक सेफ्टी समितीकडे जातात. खर्चाचं असेल तर पुढे ॲप्रोप्रिएशन्स समितीकडे.

वाचताना चार गोष्टी टिपा: बिलाचा नंबर, ते आणणारा सदस्य, शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख, आणि सध्या ते कुठल्या समितीत आहे. दुरुस्तीची तारीख विसरू नका. मार्चमध्ये तुम्ही ज्याला पाठिंबा दिला ते बिल जूनमध्ये भलतंच काही झालेलं असू शकतं. २०२४ मध्येच हे घडलं. प्रॉपोझिशन ३६ मंजूर झालं तर ही बिलं रद्द होतील, अशी कलमं जूनमध्ये काही बिलांत घातली गेली आणि आरडाओरड झाल्यावर काढली गेली. ज्या शहरांनी आधीच पत्रं दिली होती, त्यांना आपण नक्की कशाला पाठिंबा दिलाय ते पुन्हा तपासावं लागलं असणार.

एक मर्यादाही माहीत हवी. मतदारांनी थेट मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला मनाला येईल तसा बदलता येत नाही. प्रॉपोझिशन ४७ ला त्याच्या हेतूशी जुळणाऱ्या दुरुस्त्या करायच्या तरी दोन तृतीयांश मतं लागतात, आणि त्यापलीकडचं काही करायचं तर पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. प्रॉपोझिशन ३६ मतपत्रिकेवर आलं ते यामुळेच. ‘कौन्सिलनं प्रॉप ४७ रद्द करायला सांगावं’ ही मागणी म्हणूनच हवेत विरते.

वेळापत्रक ढोबळमानानं असं: नवीन बिलं मांडायची मुदत फेब्रुवारीत संपते, वसंतात पहिल्या सभागृहाच्या समित्या बसतात, जूनच्या सुरुवातीपर्यंत बिल पहिल्या सभागृहातून बाहेर पडावं लागतं, उन्हाळ्यात दुसरं सभागृह. सम वर्षी अधिवेशन ३१ ऑगस्टला संपतं आणि गव्हर्नरना सप्टेंबरअखेरपर्यंत सही करायची असते. विषम वर्षी दोन्ही तारखा दोन-एक आठवड्यांनी पुढे. मे आणि ऑगस्टमध्ये ॲप्रोप्रिएशन्स समितीची ‘सस्पेन्स फाइल’ निघते. त्या दिवशी खर्चाची शेकडो बिलं चर्चेविना पटापट पास किंवा बाद होतात. तिथे बिल अडकायचं नसेल, तर शहराचं पत्र त्याआधी पोचलं पाहिजे.

पाचवं: शहराचा लेजिस्लेटिव्ह प्लॅटफॉर्म

ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते, आणि सगळ्यात जास्त श्रम हीच वाचवते. बहुतेक शहरं दरवर्षी, साधारण नव्या वर्षाच्या आसपास, एक कागद मंजूर करतात: राज्यात कोणत्या विषयावर आपण कोणत्या बाजूनं उभं राहायचं. त्यात ‘दुकानचोरी रोखणाऱ्या, छोट्या व्यवसायांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांना पाठिंबा’ अशी एक ओळ असेल, तर बिल आल्यावर मेयर किंवा सिटी मॅनेजर कौन्सिलचं वेगळं मत न घेता पत्रावर सही करू शकतात. ओळ नसेल तर विषय अजेंड्यावर आणा, स्टाफ रिपोर्ट तयार करा, मतदान घ्या. यात सहा आठवडे सहज जातात, आणि तोवर समितीची बैठक होऊन गेलेली असते.

तेव्हा शहराच्या संकेतस्थळावर हा प्लॅटफॉर्म शोधा. सापडत नसेल तर सिटी क्लार्कला मेल करा. मागितलं की देतात. ओळ नसेल तर पुढच्या वर्षीच्या प्लॅटफॉर्मची चर्चा कधी आहे ते विचारा आणि त्या बैठकीला जा. तिथे सहसा चार-पाच लोकही बोलायला येत नाहीत. तुम्ही दहा जण गेलात तर तो मोठा जमाव ठरतो.

सहावं: कौन्सिल

आधी तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कौन्सिल मेंबरला मेल करा आणि पंधरा मिनिटं मागा. दुकानात बोलावलंत तर उत्तम. चहा ठेवा, नोंदवही दाखवा, कॅमेऱ्याचं एखादं चित्रण दाखवा. मागणी एका वाक्यात असावी: ‘एबी अमुक अमुक, अमुक तारखेच्या दुरुस्तीनुसार, याला शहरानं पाठिंब्याचं पत्र द्यावं आणि ते असेंब्ली पब्लिक सेफ्टी समितीच्या बैठकीच्या किमान एक आठवडा आधी जावं.’ ‘काहीतरी करा’ म्हणाल तर ते खरंच काहीतरीच करतात.

मग बैठक. ब्राउन ॲक्ट हा १९५३ चा कायदा. त्यानुसार नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं. तुमचा विषय अजेंड्यावर नसेल तर ‘पब्लिक कमेंट’मध्ये बोलता येतं, पण त्यावर कौन्सिल तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकत नाही. मेंबर मान हलवून पुढे गेले तर तो तुमचा अपमान समजू नका. कायद्यानं त्यांचे हात बांधलेले असतात. बोलायला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. नागरिकत्व लागत नाही. एच-१बी वर असलेला, ग्रीन कार्डवाला, व्हिजिटर व्हिसावर आलेली आजीसुद्धा बोलू शकते. वेळ साधारण दोन-तीन मिनिटं. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं: दुभाष्यामार्फत मराठीत बोललात, तर एकाच वेळी भाषांतर करणारी यंत्रणा नसल्यास दुप्पट वेळ द्यावा लागतो. गल्ल्यावर बसणाऱ्या ज्या आईंना चोरी डोळ्यांसमोर दिसते, पण इंग्रजीत बोलायची भीती वाटते, त्यांच्यासाठी ही तरतूद सोन्यासारखी आहे.

दोन मिनिटांत काय बोलायचं? समजा असं:

‘नमस्कार. याच शहरात माझं किराणा दुकान आहे. गेल्या बारा महिन्यांत आमच्या रस्त्यावरच्या सहा दुकानांनी मिळून पोलिसांत ४१ रिपोर्ट केले. रिपोर्ट नंबरांची यादी क्लार्ककडे दिली आहे. त्यातल्या निम्म्यांहून जास्त घटनांत तेच तीन लोक परत परत आलेले दिसतात. अमुक बिलामुळे अशा चोऱ्यांची बेरीज करणं सोपं होईल. शहरानं या महिन्याच्या वीस तारखेआधी पाठिंब्याचं पत्र पाठवावं, ही विनंती. आणि पोलीस खात्यानं आमच्या रस्त्यासाठी एक संपर्क अधिकारी ठरवावा, ही दुसरी.’

एवढंच. चोर कुठल्या रंगाचा, कुठल्या देशाचा, बेघर होता की नव्हता, यातलं काही नको. त्यानं काही सिद्ध होत नाही आणि ऐकणारे अर्धे लोक तिथेच तुमच्या विरुद्ध जातात. समोरून विरोध करणारेही असतील. जेल भरून काय साधलं, काउंटीकडे उपचारांसाठी पैसा कुठे आहे, असं ते विचारतील. त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे, याचा गुन्ह्यावर जास्त परिणाम होतो, हे अभ्यासकही मानतात. म्हणून मला स्वतःला शिक्षा वाढवणाऱ्या बिलांपेक्षा अटक, पुरावा आणि चोरीच्या मालाची विक्री यांवर बोट ठेवणारी बिलं जास्त कामाची वाटतात. कौन्सिलमध्येही अशा बिलांना दोन्ही बाजूंची मतं मिळणं सोपं जातं.

सातवं: पत्र

शहराच्या लेटरहेडवर, मेयरच्या सहीनं, बिल आणणाऱ्या सदस्याच्या नावे. विषयाच्या ओळीत बिलाचा नंबर, दुरुस्तीची तारीख आणि भूमिका. ही भूमिका ‘पाठिंबा’ असू शकते किंवा ‘दुरुस्ती केल्यास पाठिंबा’. दुसरीला कमी समजू नका. काउंटीला खर्च मिळत नाही, छोट्या दुकानदाराला पुरावा देणं अवघड जातं, असा ठोस मुद्दा असेल तर सदस्याच्या ऑफिसातून उलट फोन येण्याची शक्यता अशाच पत्राला जास्त असते.

मधल्या परिच्छेदात स्थानिक माहिती. कॅल सिटीज म्हणजे लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीज. १८९८ पासूनची शहरांची संघटना. ती अनेक बिलांवर नमुना पत्रं तयार करते आणि बरीच शहरं नाव बदलून तीच पाठवतात. समितीचे कर्मचारी असली पत्रं मोजतात, वाचत नाहीत. तुमची यादी इथेच कामी येते. ‘आमच्या शहरात गेल्या वर्षी इतके रिपोर्ट, त्यातले इतके पुन्हा येणाऱ्यांचे, आणि एका संपूर्ण रस्त्यानं आमच्यापुढे येऊन हे सांगितलं’ असा परिच्छेद सिटी मॅनेजरच्या ऑफिसला लिहून द्या. कच्चा मसुदा देणाऱ्याचं काम लवकर होतं, हे इथेही खरं आहे.

पत्र विधिमंडळाच्या पोझिशन लेटर पोर्टलवर चढवतात. समितीच्या विश्लेषणात शहराचं नाव ‘पाठिंबा’ या यादीत यायचं तर ते बैठकीच्या साधारण आठवडाभर आधी पोचावं लागतं. प्रती तुमच्या भागाचे असेंब्ली सदस्य, सिनेटर आणि कॅल सिटीजचा तुमच्या विभागाचा प्रतिनिधी यांना. पोर्टलवर तुमच्या दुकानाचं स्वतःचं पत्रही चढवता येतं, चढवाच.

समितीच्या बैठकीला सॅक्रामेंटोला गेलात तर तिथली पद्धत आधी माहीत हवी. मुख्य साक्षीदार ठरलेले असतात, त्यांना दोन-दोन मिनिटं. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून फक्त नाव, शहर किंवा संस्था आणि ‘सपोर्ट’ एवढंच म्हणायचं. तीन तास गाडी चालवून जायचं आणि पाच सेकंद बोलायचं. तरीही तीस दुकानदारांची रांग सदस्यांच्या लक्षात राहते.

मतपत्रिकेवरचा प्रस्ताव असेल तर

इथे नियम बदलतात आणि उत्साही माणसं इथेच अडखळतात. विधिमंडळातल्या बिलासाठी शहर सरकारी पैशानं पत्र लिहू शकतं, लॉबीइस्ट ठेवू शकतं. पण प्रॉपोझिशन एकदा मतपत्रिकेवर आलं की त्याच्या प्रचारासाठी सरकारी पैसा, कर्मचाऱ्यांचा वेळ, शहराची मेल यादी वापरता येत नाही. कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टानं १९७६ मध्ये स्टॅन्सन विरुद्ध मॉट या खटल्यात ही रेषा आखली. कौन्सिल खुल्या बैठकीत पाठिंब्याचा ठराव करू शकते, तटस्थ माहिती देऊ शकते, मेयर स्वतःच्या वेळेत स्वतःच्या नावानं प्रचार करू शकतो. त्यापलीकडे मागू नका. शहराच्या वकिलाला नाही म्हणावंच लागेल.

मंडळांसाठी दोन शब्द. महाराष्ट्र मंडळासारखी ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय) संस्था कायद्याबद्दल मर्यादित प्रमाणात भूमिका घेऊ शकते, पण उमेदवाराला पाठिंबा अजिबात नाही. ‘या कौन्सिल मेंबरनं पत्र दिलं, त्यालाच मत द्या’ असा मेसेज मंडळाच्या गटावर टाकू नका. आणि नागरिकत्वही नाही, ग्रीन कार्डही नाही अशा माणसानं निवडणुकीसाठी देणगी देऊ नये; केंद्रीय कायद्यानं मनाई आहे, अगदी सिटी कौन्सिलच्या निवडणुकीतसुद्धा.

सही झाल्यानंतर

साधारणपणे मंजूर झालेलं बिल पुढच्या १ जानेवारीला लागू होतं. लोक इथे हात झटकतात, आणि नवा कायदा तुमच्या रस्त्यावर पोचलाय की नाही ते कुणी पाहत नाही. जानेवारीत पोलीस खात्याला एक मेल टाका: नव्या कायद्याबद्दल गस्तीवरच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण झालं का? चित्रणावरून अटक होऊ शकते हे त्यांना ठाऊक आहे का, आणि आम्ही चित्रण कोणत्या स्वरूपात द्यायचं? डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या ऑफिसला विचारा की दुकानात यायला बंदी करणारे आदेश ते कोर्टाकडे मागतात का, आणि त्यासाठी दुकानदाराकडून काय लागतं.

पैशाचंही विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं संघटित दुकानचोरीविरुद्ध २६ कोटी ७० लाख डॉलर ५५ स्थानिक संस्थांना जाहीर केले. तुमच्या शहराला किंवा काउंटीला त्यातले मिळाले असतील तर ते कशावर खर्च झाले, हे कौन्सिलमध्ये विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रॉपोझिशन ३६ नं शिक्षा आणि सक्तीचे उपचार आणले, पण सोबत वेगळा पैसा आणला नाही. त्यामुळे पुढची पत्रं गुन्ह्यांच्या व्याख्येपेक्षा राज्याच्या बजेटबद्दल जास्त असणार. तिथे पाठिंबा मागायची वेळ जानेवारीत, गव्हर्नरांचं पहिलं बजेट येतं तेव्हा, आणि मेमध्ये ते सुधारून येतं तेव्हा. वही तोवर चालू ठेवा, रिपोर्ट नंबराच्या रकान्यासकट.